अ‍ॅस्पॅरॅगसचे जुने गड्डे नव्या वाफ्यात हलवायचे आहेत

जर्सीची परसबाग | २ मार्च

मध्य न्यू जर्सी. ९ वर्षांचा वाफा, १४ गड्डे, बहुतेक जर्सी नाइट जातीचे, ३-४ जुने मेरी वॉशिंग्टन जातीचे. शेजारचा मेपल वाढल्यामुळे दुपारनंतर सावली येते आणि त्याची मुळं वाफ्यात शिरली आहेत. गेली दोन वर्षं कोंब बारीक होत चाललेत. नवी जागा दिवसभर उन्हाची आहे, माती जराशी चिकण.

विचारायचं आहे ते असं: इतके जुने गड्डे हलवले तर जगतात का? आत्ता हलवावेत की नोव्हेंबरमध्ये? अख्खे लावावेत की फोडून? किती खोल? आणि खायच्या कोंबांची तोडणी पुन्हा कधी?

---

वाफसा | २ मार्च

जगतात. पण आधी या झाडाची मुळं समजून घ्या, पुढचे सगळे निर्णय त्यावरूनच सुटतात.

गड्ड्याला दोन तऱ्हेची मुळं असतात. जाड, गुळगुळीत, पेन्सिलीएवढी ती साठवणीची मुळं. वर्षभर पिसाऱ्याने (न तोडलेले कोंब वाढून होणाऱ्या पिसासारख्या पालवीने) बनवलेलं अन्न त्यांच्यात भरलेलं असतं आणि वसंतातले कोंब त्याच शिधोरीवर वर येतात. त्यांच्यावर केसासारखी बारीक पांढरी तंतुमुळं असतात, ती पाणी ओढतात आणि पुन्हापुन्हा नवी येतात. घोळ जाड मुळांचा आहे. जाड मूळ मध्ये तुटलं की त्याची लांबी परत वाढत नाही. उरलेला तुकडा गड्ड्याला धरून असेल तर वाया जात नाही, त्यातलं अन्न वापरलं जातं, त्यावर तंतुमुळंही फुटतात. पण गेलेली लांबी गेली. नवं जाड मूळ फक्त नव्या डोळ्यांच्या बुडाशी फुटतं.

९ वर्षांच्या झाडाची मुळं आडवी ३-४ फूट सहज गेलेली असतात. ती सगळी कोणालाच काढता येत नाहीत. म्हणजे काढताना शिधोरी कमी होणार हे धरून चालायचं, ती शक्य तितकी वाचवायची, आणि पुढे दोन वर्षं पिसाऱ्याला ती परत भरू द्यायची.

वेळ तुमच्याकडे मार्चच्या शेवटच्या आठवड्यापासून १० एप्रिलपर्यंत. डोळे फुगलेले, पण कोंब मातीबाहेर नाहीत, ही अवस्था हवी. तारखेपेक्षा वाफसा बघा: ६ इंच खालची माती मुठीत दाबा, अंगठ्याने ढकलल्यावर गोळा फुटला तर कामाला लागा. चिकटून राहिला तर थांबा. ओल्या चिकणमातीत पाय पडले की ती विटेसारखी बसते आणि पुढची दोन वर्षं कोंब वाकडे येतात.

---

काळी माती | ३ मार्च

जगतात हे खरं, पण १४ च्या १४ हलवू नका.

एक वर्षाचे नवे क्राउन (लावायला तयार गड्डे) विकत मिळतात, त्यांची बहुतेक मुळं शाबूत असतात. जुना गड्डा अर्ध्याहून जास्त मुळं मागे ठेवून येतो. दोघांनाही सावरायला जवळपास सारखाच वेळ लागतो. शिवाय जुन्या गड्ड्याबरोबर जुन्या मातीतला फ्युजेरियम (मुळं कुजवणारी बुरशी) नव्या वाफ्यात जातो, आणि तो एकदा शिरला की वर्षानुवर्षं मातीत राहतो.

माझं मत: सगळ्यात जोमदार ६-७ गड्डे निवडा, उरलेली जागा नव्या क्राउननी भरा. नवे घेताना २-३ वर्षांचे महाग क्राउन घेऊ नका, एक वर्षाचेच घ्या. मोठा क्राउन उपटताना त्याचीही मुळं तुटलेली असतात, त्यामुळे वाचलेलं वर्ष तो सावरण्यातच घालवतो.

मेरी वॉशिंग्टनमध्ये नर-मादी दोन्ही असतात. मादी झाडाची बरीच ताकद लाल फळांत जाते आणि पडलेल्या बियांची रोपं पुढे वाफ्यात तण होऊन बसतात. जर्सी नाइट हा रटगर्स विद्यापीठाचा केवळ नर झाडं देणारा संकरित वाण, त्याला हा त्रास नाही. मार्चमध्ये नुसता गड्डा बघून नर-मादी ओळखता येत नाही. गेल्या हंगामात फळं धरलेल्या झाडांना खूण केली असेल तर ती मागेच ठेवा. (फळं विषारी असतात, घरात लहान मुलं असतील तर लक्षात असू द्या.)

---

जर्सीची परसबाग | ३ मार्च

फळांवाली तीन आहेत, सुतळी बांधलेली आहे. ती सोडतो. राहिले ११. रोग आहे की नाही हे काढण्याआधी कळेल का?

---

वाफसा | ४ मार्च

काढण्याआधी अंदाज येतो, काढल्यावर नक्की कळतं. गेल्या उन्हाळ्यात आजूबाजूचा पिसारा हिरवा असताना एखादी काडी मध्येच पिवळी पडून वाळली असेल, तर त्या गड्ड्यावर संशय धरा. सावलीमुळे सगळा वाफा सारखा अशक्त होतो. रोगात एखाददुसरा गड्डा किंवा एकच ठिगळ खराब होतं.

बाहेर काढल्यावर तीन गोष्टी बघा. जाड मूळ आडवं कापा: आतून दुधाळ पांढरं आणि कडक हवं. सालीवर लालसर तपकिरी लांबट डाग असतील, किंवा गड्डा उभा चिरल्यावर आत तांबूस तपकिरी रंग पसरलेला दिसला, तर तो फ्युजेरियम. असा गड्डा अख्खा कचऱ्यात, कंपोस्टमध्ये नाही.

गड्ड्याच्या जुन्या टोकाला काही मुळं पोकळ, चपटी, वाळक्या काडीसारखी मिळतील. त्याला घाबरू नका, जुनी मुळं अशीच संपतात. ती कापून टाका. पोकळ मुळं नव्या डोळ्यांच्या बाजूलाच असतील, तर मात्र तो गड्डा सोडा.

आता काढणी. आदल्या पानगळीतल्या वाळक्या काड्या २ इंच ठेवून कापा, म्हणजे गड्डा कुठे आहे ते दिसतं. काड्यांच्या झुबक्यापासून १५ ते १८ इंच लांब, चौफेर काटेफावडं उभं घाला. सपाट फावडं नको, ते मुळं कापत जातं. काट्यांमधून मुळं निसटतात. एका जागी जोर करून उचकटू नका, चारही बाजूंनी थोडं थोडं हलवत दोन-तीन फेऱ्या मारा. खाली जाणारी मुळं शेवटपर्यंत धरून ठेवतात, ती तिरप्या फावड्याने १२-१४ इंच खोलीवर तोडावी लागतात, इलाज नाही. पहारीने तरफ केली तर गड्डा मधूनच फुटतो, आणि फुटतो तो बरोबर डोळ्यांच्या झुबक्यातून.

मातीसकट डिखळा खूप जड होतो. हातात उचलला की स्वतःच्या वजनाने मुळं मोडतात. त्याच्याखाली ताडपत्री सरकवा आणि ओढत न्या.

---

हिरवा कोंब | ४ मार्च

ताडपत्रीवर घेतल्यावर माती झटकू नका, पाइपच्या हलक्या धारेने धुवा. धुण्याचं मोठं कारण क्वॅकग्रास. आपल्याकडच्या हरळीसारखंच त्याचं जमिनीखालचं खोड पांढरं, टोकदार आणि पेरापेराचं असतं. ते गड्ड्याच्या आरपार गेलेलं सापडतं. मेपलची मुळं तपकिरी आणि लाकडी असतात, ती ओळखू येतात. क्वॅकग्रासचा रंग मात्र अ‍ॅस्पॅरॅगसच्या मुळाशी मिळताजुळता असतो. ओळख अशी: बोटांत धरून फिरवा, पेर लागलं की ते क्वॅकग्रास. अ‍ॅस्पॅरॅगसच्या मुळाला पेर नसतं. एक इंचाचा तुकडा राहिला तरी तो नव्या वाफ्यात पसरतो, आणि तिथून तो गड्डा न उकरता काढता येत नाही. या कामाला गड्ड्यामागे दहा मिनिटं लागली तरी लागू द्या.

धुतल्यावर फोडायचं कुठे ते दिसतं. गड्डा मातीत आडवा सरकत वाढतो. पुढच्या टोकाला जाड डोळ्यांचा झुबका, मागे लाकडासारखा जुना भाग. ९ वर्षांत त्याला दोन-चार फाटे फुटलेले असतात, प्रत्येक फाट्याच्या टोकाला स्वतंत्र झुबका. दोन्ही हातांनी दोन झुबके धरून हलकेच हलवा. वेगवेगळे हलतात तिथे मधला पूल बारीक असतो, तोच कापायचा. धारदार सुरी, नाहीतर छाटणीची करवत. प्रत्येक गड्ड्यानंतर पातं ७० टक्के अल्कोहोलने पुसायचं, हे चुकवू नका.

प्रत्येक फोडीला निदान ३ ठसठशीत डोळे आणि ८-१० चांगली मुळं हवीत. डोळे पुष्कळ पण मुळं तीनच, अशी फोड पहिल्या वर्षी काडीसारखे कोंब देते आणि उन्हाळ्यात बसते. लोभाने जास्त फोडी करण्यापेक्षा दोनच करा. मुळं फार लांब असतील तर १२ इंचांवर सरळ कापा. चरात गुंडाळून कोंबलेली मुळं कुजतात.

कापलेला भाग सावलीत तासभर सुकू द्या, मुळं मात्र ओल्या गोणपाटाखाली. उन्हात अर्धा तास उघडी राहिली तरी साल सुरकुतते. बादलीत भिजत ठेवायचं नाही. त्याच दिवशी लावणं जमलं नाही तर ओलसर भुशात गुंडाळून फ्रीजमध्ये ठेवा, आठवडाभर टिकतात.

---

ओंटारिओकर | ५ मार्च

नोव्हेंबरबद्दल कोणी लिहिलं नाही, म्हणून. पिसारा पूर्ण पिवळा पडल्यावर हलवता येतं, कारण तेव्हा अन्न मुळांत उतरलेलं असतं. हलक्या वालुकामय मातीत ते चालतं. तुमची माती चिकण आहे. नुकत्याच कापलेल्या जखमा घेऊन गड्डा चार महिने थंड चिखलात बसेल, आणि माती गोठण्या-वितळण्याने सैल झालेला गड्डा वर उचलला जाईल. वसंतच बरा. लावताना मातीचं तापमान ५० अंश फॅरनहाइटच्या आसपास आलेलं असू द्या. त्याआधी लावून काही लवकर मिळत नाही, कुजण्याला मात्र वेळ मिळतो.

नव्या जागेची तयारी आत्ताच सुरू करा. सामू (pH) ६.५ ते ७ च्या आसपास हवा. ६ च्या खाली हे झाड रखडतं आणि फ्युजेरियमला जोर येतो. परीक्षण न करता चुना टाकू नका. रटगर्सची माती परीक्षण प्रयोगशाळा किती टाकायचा तेही सांगते. चुन्याला मुरायला महिने लागतात, म्हणून सामू फारच कमी निघाला तर या वर्षी फक्त जमीन तयार करा आणि गड्डे पुढच्या मार्चमध्ये हलवा. जुन्या जागी ते आणखी एक वर्ष काढतील. या वर्षी कोंब तोडले नाहीत तर हलवताना ते जास्त भरलेलेही असतील.

जवळ काळा अक्रोड नाही ना? त्याच्या मुळांतलं जुग्लोन हे विषारी द्रव्य अ‍ॅस्पॅरॅगसला सोसत नाही.

---

जर्सीची परसबाग | ५ मार्च

अक्रोड नाही. सामू मागच्या शरदात तपासला होता, ६.६. म्हणजे याच वर्षी. ११ पैकी चांगले ८ निघतील आणि प्रत्येकाच्या दोन-तीन फोडी, असं धरलं तर १६-२४ फोडी. चराचा हिशोब सांगाल का?

---

काळी माती | ६ मार्च

२४ फोडी, दोन फोडींत १८ इंच, म्हणजे ३६ फूट चर. १२-१२ फुटांच्या तीन ओळी, दोन ओळींत ४ ते ५ फूट. हे अंतर आज जास्त वाटेल, पण तिसऱ्या वर्षी पिसारा छातीच्या वर जातो आणि मधून वारा खेळला नाही तर तांबेरा येतो.

चर एक फूट रुंद. तळाला स्फुरद घालायचाच, तो मातीत फारसा सरकत नाही, वरून टाकलेला मुळांपर्यंत पोचायला वर्षं लागतात. ५० फूट ओळीला ४५० ग्रॅम ट्रिपल सुपरफॉस्फेट (०-४६-०) हे प्रमाण, म्हणजे तुमच्या ३६ फुटांना साधारण ३२५ ग्रॅम. परीक्षणात स्फुरद भरपूर निघाला असेल तर वगळा. त्यावर २ इंच कुजलेलं कंपोस्ट, एकूण ६ घनफूट लागेल, ते तळाच्या मातीत मिसळा. ताजं शेणखत नको.

खोलीबाबत: एक-दीड फूट खोल चर खणायची पद्धत सोडून द्या. इतक्या खोलवर माती उशिरा तापते, कोंब उशिरा आणि कमी येतात. तुमच्या चिकण मातीत डोळ्यांच्या टोकावर ५ इंच माती यावी, हलक्या मातीत ६-७. मोजायचं डोळ्यांच्या टोकापासून. जुना गड्डा स्वतःच ३-४ इंच उंच असतो, त्यामुळे चर ९ इंचांच्या आसपास होईल. गड्डा दरवर्षी थोडा वर सरकतो, म्हणून ५ पेक्षा कमी ठेवू नका.

चराच्या मधोमध मातीचा लांब उंचवटा करा, फोड त्यावर घोड्यावर बसवल्यासारखी ठेवा आणि मुळं दोन्ही अंगांना पसरा. डोळे वर. सगळ्या फोडींचे डोळे एका पातळीत येतील असा उंचवटा कमी-जास्त करा.

---

हिरवा कोंब | ६ मार्च

आणि चर एकदम भरायचा नाही. आधी २-३ इंच माती, कोंब वर येतील तशी भर देत जायची, जूनअखेर सपाट.

---

काळी माती | ६ मार्च

नव्या एक वर्षाच्या क्राउनना हळूहळू भरण्याची गरज नाही. पर्ड्यू विद्यापीठाचा विस्तार विभागही एकदम भरा म्हणूनच सांगतो, फक्त पायाने दाबू नका. अर्धवट उघड्या चरात मेमधला पाऊस साचतो आणि चिकणमातीत तेच घातक.

जुन्या फोडींना मात्र तुमची पद्धत लावायला हरकत नाही, कारण त्यांचे पहिले कोंब अशक्त असतात. पण मग चराच्या एका टोकाला पाणी बाहेर जायला वाट ठेवा.

---

मुळशीकर | ७ मार्च

पुण्याजवळ अ‍ॅस्पॅरॅगसची ४ वर्षांची २० झाडं आहेत, पावसात पाणी साचतं म्हणून जागा बदलायची आहे. इथे बर्फ नाही, झाड झोपतच नाही. मग केव्हा काढावं? आणि शेजारी शतावरी आहे, तिलाही हेच लागू का?

---

वाफसा | ७ मार्च

आपल्याकडे झोप थंडीने पुरी येत नाही, ती पाणी तोडून आणावी लागते. डिसेंबरच्या सुरुवातीला पाणी बंद करा, पिसारा पिवळा पडू द्या, मग कापून गड्डे काढा आणि जानेवारीत लावा. उन्हाळ्याआधी त्यांना दोन-अडीच महिने मिळतात. लावल्यावर पहिलं पाणी (आंबवणी), चार-पाच दिवसांनी दुसरं (चिंबवणी), मग वाफशाप्रमाणे. चर नको, १० ते १२ इंच उंच गादीवाफाच करा. पावसाळ्यात गड्ड्याभोवती पाणी थांबलं तर बाकीची सगळी मेहनत फुकट.

तोडणीचीही रीत वेगळी. तैवान-थायलंडकडे मातृकाडीची पद्धत आहे: प्रत्येक गड्ड्यावर ४-५ काड्या पिसाऱ्याला वाढू द्यायच्या आणि नंतर येणारे कोंब तोडत राहायचे. काड्या जुन्या झाल्या की नव्या सोडायच्या. पण हलवल्यावर पहिलं वर्षभर एकही कोंब तोडायचा नाही, हे तुम्हालाही लागू.

शतावरी त्याच कुळातली, पण काट्यांची वेल, आणि पीक म्हणजे तिची मांसल मुळंच. काढणीला मुळं घेतली की वरचा डोळ्यांचा भाग २-३ डोळ्यांच्या फोडी करून पावसाच्या सुरुवातीला पुन्हा लावतात. तिथेही फोडीला काही मुळं ठेवावी लागतात, नुसते डोळे लावले तर तग धरत नाहीत. बाजारात दोन्हींना शतावरी म्हणतात, रोपं घेताना नीट विचारून घ्या.

---

जर्सीची परसबाग | ८ मार्च

तण दाबायला वाफ्यात मीठ टाकतात असं ऐकलंय. टाकावं का? आणि लावल्यानंतरचं वेळापत्रक?

---

ओंटारिओकर | ८ मार्च

मिठाचा आधार खरा आहे. अ‍ॅस्पॅरॅगसला बरंच मीठ सोसतं, आणि कनेटिकटच्या कृषी प्रयोग केंद्रात मिठाने फ्युजेरियमची मूळकूज कमी होते यावर काम झालेलं आहे. तरी चिकणमातीत टाकू नका. सोडियमने चिकणमाती घट्ट होते, पाणी मुरत नाही, आणि वाहून गेलेलं मीठ बाजूच्या भाज्यांना मारतं. तणासाठी ३-४ इंच गवताचं नाहीतर पानांचं आच्छादन घाला आणि हाताने उपटा. कुदळ-खुरप्याने खोल खणू नका, डोळे वरच असतात.

पाणी आठवड्याला १ इंच, पावसासह. तुमच्या तीन ओळींचा मुळांचा पट्टा ८० चौरस फूट धरला तर ५० गॅलन. एकदाच, सावकाश. रोज शिंपडलेलं पाणी वरच्या दोन इंचांतच राहतं.

नत्र लगेच नको. पिसारा उघडल्यावर, जूनच्या मध्याला हलकी मात्रा. ऑगस्टनंतर अजिबात नाही, नाहीतर थंडीच्या तोंडावर कोवळी वाढ निघते आणि अन्न मुळांत उतरायचं राहून जातं.

मेपासून काड्या रोज बघा. कोंबावर तपकिरी-काळी बारीक अंडी उभी चिकटवलेली दिसली तर ती अ‍ॅस्पॅरॅगस भुंग्याची, बोटाने चिरडून टाका. करड्या अळ्या साबणाच्या पाण्याच्या डब्यात झटका. एरवी दुर्लक्ष चालतं, पण हलवलेल्या झाडाला एकेक पान मोलाचं. भुंगे वाळक्या काड्यांत हिवाळा काढतात, म्हणून जुन्या वाफ्यातल्या काड्या उचलून नव्याच्या शेजारी रचू नका.

---

वाफसा | ९ मार्च

तोडणी: या वर्षी शून्य. २ वर्षांनी, म्हणजे पुढच्याच्या पुढच्या वसंतात, दोन आठवडे. त्याच्या पुढच्या वर्षी ६ आठवडे. पुढच्या वर्षीचा निर्णय पिसारा बघून घ्या. सप्टेंबरात बहुतेक काड्या पेन्सिलीहून जाड आणि खांद्याएवढ्या असतील, तर पुढच्या वसंतात आठवडाभर तोडा. नसतील तर नाही.

एक गोष्ट हमखास फसवते. हलवल्यावर पहिल्याच एप्रिलमध्ये दोन-चार कोंब अंगठ्याएवढे जाड येतात. ते डोळे गेल्या वर्षी जुन्या जागी बनलेले असतात. झाड सावरलं असं समजून तोडू नका, कारण शिलकीतलं बरंचसं अन्न त्याच कोंबांत गेलेलं असतं आणि पहिला पिसारा त्यांचाच होणार असतो. त्यांच्या मागून येणारे कोंब सुईसारखे बारीक असतील. तेही राहू द्या, आणि वाऱ्याने मोडू नयेत म्हणून ओळीच्या दोन्ही बाजूंनी ३ फूट उंचीवर दोरी बांधा.

---

जर्सीची परसबाग | ९ मार्च

दोरीचं लक्षात ठेवतो. जुन्या जागेत पुढे अ‍ॅस्पॅरॅगसच लावायचा विचार होता, मेपल छाटून घेतला तर?

---

काळी माती | १० मार्च

नको. जुन्या मुळांतून उतरणारी द्रव्यं नव्या अ‍ॅस्पॅरॅगसची वाढ रोखतात, आणि फ्युजेरियम तिथे असतोच. निदान ८-१० वर्षं तिथे हे पीक नको. पालक, लेट्यूस, चार्ड लावा, अर्ध्या सावलीत चालतात. राहून गेलेल्या तुकड्यांतून एप्रिल-मेमध्ये कोंब येतील आणि ते वाढू दिले तर भुंगे तिथेच वस्ती करतील. ती जागा तुम्ही सोडलीच आहे, त्यामुळे तिथले कोंब वितीएवढे झाले की खुशाल तोडून खा, ते यायचे थांबेपर्यंत.